ऋतुपर्णाचे उपरणे : वेगाची शाळा निवडताना

या वर्षी आखाजीला बहीण माहेरी आली ती एसटीने नाही, मुलाच्या गाडीने. भाचा पुण्यात संगणकाच्या नोकरीत आहे. त्याची नवी गाडी दोन दारांची, जमिनीला टेकलेली. साक्रीतल्या आमच्या गल्लीत वळताना गटारीवरच्या फरशीला तिचे पोट घासले आणि त्या आवाजाने निम्मी गल्ली ओट्यावर आली. भाचा उतरला आणि पुण्याची भाषा बाजूला ठेवून म्हणाला, "मामा, कशी शे?"

रात्री जेवताना त्याने वाटेतला प्रसंग सांगितला. पिंपळनेर सोडल्यावर, दिवस मावळून अंधार पडला होता तेव्हा, पुढे कांदा भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली निघाली. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. दिसली तेव्हा फार जवळ आली होती. "पण थांबली ना, मामा! हिचे ब्रेकच तसे आहेत." बहिणीचा हात ताटातच थांबला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला एकटे गाठून म्हणाली, "भाऊ, गाडी तर आता घेतलीच त्याने. अशा गाड्या चालवायला शिकवणाऱ्या शाळा असतात म्हणे. तू एवढी वर्षं पुस्तकं चाळतोस, तर यातली खरी शाळा कोणती तेवढं शोधून दे."

दोन दिवसांत उत्तर देऊ, असे मला वाटले होते. त्याला पावसाळा लागला. मी स्वतः कधी रेसिंग ट्रॅकवर गाडी चालवलेली नाही. माझे शिक्षण जुन्या जीपवर आणि कोंडाईबारीच्या घाटात झाले. परंतु शाळा कशी ओळखावी हा प्रश्न मुळात गाडीचा नाही, शिक्षणाचा आहे, आणि त्या बाजूने त्याचा शोध मला घेता येण्यासारखा होता.

नळाने रथ का थांबवला?

वेगाने वाहन हाकण्याची विद्या आणि तिची देवघेव यांची आपल्याकडची जुनी कथा महाभारताच्या वनपर्वात, नलोपाख्यानात आहे. रघुनाथपंडितांमुळे मराठी वाचकाला नळ-दमयंती स्वयंवरापुरते ठाऊक असतात. हा भाग त्याच्या बऱ्याच पुढचा. राज्य गमावलेला, रूप पालटलेला नळ बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे आहे. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता येते आणि राजाला एका दिवसात विदर्भ गाठायचा असतो. बाहुक रथ हाकतो. वाटेत राजाचे उपरणे खाली पडते. 'थांब, उचलून घेऊ' असे राजा म्हणेपर्यंत ते एक योजन मागे राहिलेले असते.

कथेचा हा भाग सगळ्यांना आवडतो. मला त्याच्या पुढचा महत्त्वाचा वाटतो. ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडाकडे पाहून त्याची पाने आणि फळे किती ते सांगतो. बाहुकाला ते खरे वाटत नाही, म्हणून मोजून पाहण्यासाठी तो रथ थांबवतो. राजा घाईत आहे, उशीर होईल म्हणून विनवतो आहे, तरी सारथी उतरून मोजतो. आकडा जुळतो. मग सौदा ठरतो : अश्वविद्या घे आणि अक्षविद्या, म्हणजे फाशांची आणि गणनेची विद्या, दे. ती गणनेची विद्या मिळताच नळाच्या शरीरातला कली बाहेर पडतो.

कथाकाराच्या मनात काय होते हे मी सांगू शकत नाही. पण वेगात निष्णात असलेल्या माणसाला त्याच्या दुर्दैवातून सोडवते ती मोजण्याची विद्या, आणि ती मिळवण्यासाठी त्याला आधी थांबावे लागते, एवढे कथेत स्पष्ट आहे. पुढच्या सगळ्या शोधात हीच गोष्ट मला पुन्हा पुन्हा भेटत गेली.

या शाळा आल्या कुठून?

वेगवान गाडी चालवायला शिकवणाऱ्या शाळा शर्यतींच्या पोटी जन्मल्या. इंग्लंडमध्ये जिम रसेल यांची शाळा १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्नेटर्टनच्या ट्रॅकवर सुरू झाली. अमेरिकेत बॉब बॉन्डुरंट यांची शाळा १९६८ मध्ये निघाली, ती एका अपघातानंतर. १९६७ मध्ये वॉटकिन्स ग्लेन येथे भरवेगात त्यांच्या गाडीच्या स्टिअरिंगचा भाग तुटला आणि ते जबर जखमी झाले. शर्यतीत परत जाणे शक्य दिसेना, तेव्हा रुग्णालयातल्या खाटेवर त्यांनी शाळेचा विचार केला. गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांपैकी बीएमडब्ल्यूने १९७७ मध्ये आपल्या ग्राहकांसाठी चालक-प्रशिक्षण सुरू केले. इथे शाळेचा विद्यार्थी बदलला. तो आता शर्यतपटू होऊ पाहणारा तरुण नव्हता. ऐपत आली म्हणून वेगवान गाडी घेतलेला नोकरदार किंवा व्यावसायिक होता. आमचा भाचा याच दुसऱ्या वर्गातला.

आपल्याकडे बराच काळ शिकायचे तर परदेशी जावे लागे. नरेन कार्तिकेयन १९९२ मध्ये फ्रान्समधल्या विनफील्ड रेसिंग स्कूलला गेले होते. पुढे देशातले ट्रॅक वाढले. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा सुमारे ३.७ किलोमीटरचा ट्रॅक आहे. कोइम्बतूरजवळ २००३ मध्ये सुरू झालेला, एस. करिवर्धन यांच्या नावाचा २.१ किलोमीटरचा करी मोटर स्पीडवे आहे. ग्रेटर नोएडात २०११ मध्ये बुद्ध इंटरनॅशनल सर्किट झाले. नामांकित प्रशिक्षण मुख्यतः अशा ट्रॅकच्या आधाराने चालते. पुण्याच्या डायना पंडोले यांनी २०२४ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद पटकावले, असे करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. तेही चेन्नईजवळच्या याच ट्रॅकवर, एमआरएफ सलून गटात.

आम्हा खानदेशकरांना सर्वांत जवळचा मोठा ट्रॅक म्हणाल तर तो धुळ्याहून आग्रा रोडने उत्तरेला गेल्यावर, इंदूरजवळ पिथमपूरला आहे. नॅट्रॅक्स या केंद्राची ११.३ किलोमीटरची लंबवर्तुळाकार पट्टी २०२१ मध्ये खुली झाली. पण ती गाड्यांची परीक्षा घेण्यासाठी आहे, माणसांची नव्हे. भाच्याला प्रथम हेच नाव सुचले होते. सरळ पट्टीवर गाडी किती पळते हे कळून शिक्षण होत नाही, हे त्याला पटवायला मला एक संध्याकाळ लागली.

एकाच नावाखाली चार गोष्टी

भाच्याने पाठवलेल्या जाहिराती मी समोर मांडल्या, तेव्हा 'हाय-परफॉर्मन्स ड्रायव्हिंग' या एकाच नावाखाली चार वेगळ्या गोष्टी विकल्या जातात हे लक्षात आले.

पहिली, ट्रॅक डे. पैसे भरा, आपली गाडी आणा, ठरलेला वेळ फिरवा. सुरक्षेच्या सूचना मिळतात, शिक्षक असेलच असे नाही. ही शाळा नव्हे, भाड्याचे मैदान आहे. दुसरी, कंपनीचा अनुभव-दिवस. गाड्या कंपनीच्या, शिक्षक बहुधा उत्तम, व्यवस्था चोख. पण दिवसाचा एक हेतू पुढची गाडी विकणे हाही असतो, आणि गाडी किती चांगली आहे हे दाखवताना चालक किती कच्चा आहे हे सांगणे अवघड जाते. तिसरी, रेसिंग स्कूल. इथे शर्यतीच्या परवान्यापर्यंत नेणारे शिक्षण मिळते. शिस्त कडक, शिक्षण खरे, परंतु ध्येय शर्यतीचे. चौथी, वाहन-नियंत्रणाचा अभ्यासवर्ग : ब्रेक, घसरण, अडथळा चुकवणे, नजर. जाहिरातीत हा सर्वांत फिका दिसतो. रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याच्या उपयोगाचा मात्र सर्वांत जास्त हाच.

या चौघांखाली एक पाया गृहीत धरलेला असतो, तो साध्या मोटार ड्रायव्हिंग स्कूलचा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ३१ खासगी मोटारीसाठी किमान २१ दिवसांचे शिक्षण आणि त्यात किमान १० तास प्रत्यक्ष चालवणे सांगतो. २०२१ च्या नियमांनी मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांसाठी हलक्या वाहनाचा अभ्यासक्रम २९ तासांचा केला. आपल्यापैकी किती जणांनी ते दहा तास खरोखर पुरे केले, हे प्रत्येकाने मनाशी आठवावे. भाच्याने आठवले आणि तो गप्प बसला.

बांधावर धरलेली दोरी

शाळेत जे शिकवायचे त्याचा गाभा एका आकडेमोडीत आहे. गाडी थांबायला लागणारे अंतर दोन भागांचे असते. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत गाडी आहे त्याच वेगाने पुढे जाते. हा पहिला भाग. ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचा दुसरा. पहिला भाग वेगाच्या प्रमाणात वाढतो, दुसरा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. वेग दुप्पट झाला तर ब्रेकचे अंतर चौपट होते.

बहिणीच्या शेतात भाच्याला घेऊन गेलो आणि आम्ही दोरीने हे मोजले. चालकाला एक सेकंद लागतो आणि रस्ता कोरडा, चांगला आहे असे धरले. ताशी ६० किलोमीटरला एकूण अंतर सुमारे ३४ मीटर. ८० ला ५४. १०० ला ७७. १४० ला १३५. सत्त्याहत्तर मीटरवर मी खुंटी ठोकली आणि त्याला तिथे उभे केले. म्हटले, "शंभरने येणारी गाडी इथे थांबली. त्याच जागी धोका बघून, तसाच ब्रेक दाबलेली एकशे चाळीसची गाडी इथे आली तेव्हा तिचा वेग किती असेल?" त्याने अंदाज केला, चाळीस. गणित केल्यावर उत्तर येते जवळपास १०९. त्याने कागदावर दोनदा करून पाहिले.

मग ट्रॉलीचा हिशेब केला. गाडीचे दिवे डिपरवर असताना, रिफ्लेक्टर नसलेली काळपट वस्तू चाळीस-पन्नास मीटरच्या पुढे भरवशाने दिसत नाही. म्हणजे ताशी ८० वरच चालक आपल्या उजेडाच्या पुढे धावत असतो. त्या संध्याकाळी ब्रेक चांगले होते हे खरेच, पण तो वाचला त्यात त्या ब्रेकपेक्षा उरलेल्या दोन-चार मीटरचा वाटा मोठा होता.

चांगल्या शाळेत हेच अंतर पायाला आणि पाठीला कळते. एबीएस असलेल्या गाडीत ब्रेक पूर्ण जोराने दाबून धरायचा असतो, पेडल थरथरले तरी सोडायचा नसतो. बहुतेक चालकांनी आयुष्यात एकदाही तसा दाबलेला नसतो. दुसरी शिकवण टायरची. प्रत्येक टायर तळहाताएवढ्या जागेने रस्त्याला धरून असतो आणि त्या पकडीचा साठा ठरलेला असतो. तो ब्रेकवर खर्च केला तर वळायला उरत नाही, वळण्यावर केला तर ब्रेकला उरत नाही. पुढची चाके सुटली की गाडी वळत नाही, सरळ जाते. मागची सुटली की शेपटी फिरते. ओल्या, गुळगुळीत फरशीवर कमी वेगात हे दोन्ही प्रकार अनुभवायला मिळतात. तिसरी शिकवण नजरेची : गाडी आपण बघतो तिकडे जाते, म्हणून खड्ड्याकडे बघणारा खड्ड्यातच जातो. बैलगाडी हाकणाऱ्या आमच्या आजोबांनाही हे ठाऊक होते.

शिकल्याने धोका वाढतो का?

इथपर्यंत सारे सरळ होते. नंतर जे वाचनात आले त्याने मी अडखळलो.

अमेरिकेत १९७४ मध्ये शर्यतीचा परवाना असलेल्या चालकांच्या सार्वजनिक रस्त्यांवरील नोंदी तपासल्या गेल्या. फ्लोरिडा, न्यूयॉर्क आणि टेक्सास या तीन राज्यांतले हे चालक. त्यांची तुलना त्यांच्यासारख्याच सामान्य चालकांशी केली. कौशल्य निर्विवाद जास्त असलेल्या या मंडळींच्या नावावर अपघात आणि वेगाचे गुन्हे कमी नव्हते, जास्त होते. नॉर्वेत नवशिक्यांना निसरड्या रस्त्याचे शिक्षण सक्तीचे केले होते. १९८८ च्या मूल्यमापनात दिसले की त्यानंतर तरुण पुरुषांचे अपघात वाढले. स्वीडनमध्ये ग्रेगरसेन यांनी १९९६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. तरुण चालकांच्या एका गटाला ब्रेक लावण्याचे आणि चुकवण्याचे कौशल्य शिकवले. दुसऱ्या गटाला आपले कौशल्य किती बेभरवशाचे आहे याचा अनुभव दिला. काही दिवसांनी परीक्षा घेतली तेव्हा दोघांची कामगिरी सारखीच होती. फरक एवढाच की पहिल्या गटाला आपण जास्त चांगले आहोत असे वाटत होते.

याचा अर्थ शिकू नये असा नाही. पण एका दिवसाच्या शिक्षणाने कौशल्य थोडे वाढते आणि खात्री पुष्कळ वाढते. त्या दोहोंमधली तफावत माणूस रस्त्यावर घेऊन येतो. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे त्यांतले ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या नोंदीत आहेत. त्या आकड्यात मरणारा नेहमी वेगवान गाडीतलाच असतो असे नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला एका महागड्या वेगवान गाडीखाली गेलेले दोघे तरुण दुचाकीवर होते. माझ्या बहिणीला मुलाची काळजी होती. मला त्या दिवसापासून ट्रॉलीवर बसलेल्या माणसाचीही वाटू लागली.

म्हणून माझी कसोटी अशी ठरली : जी शाळा विद्यार्थ्याला आला होता त्यापेक्षा थोडा अधिक सावध करून परत पाठवते, ती शाळा.

विचारायचे प्रश्न

ही कसोटी जाहिरातीवरून लावता येत नाही, प्रश्नांवरून येते. भाच्याला मी पुढील प्रश्न लिहून दिले.

प्रत्यक्ष चाकावर किती मिनिटे मिळणार? वीस विद्यार्थी, पाच गाड्या आणि ट्रॅकवर पाच तास असतील, तर कितीही चोख व्यवस्था ठेवली तरी एकाच्या वाट्याला ७५ मिनिटांपेक्षा जास्त येत नाहीत. बाकीचा दिवस चहा, भाषण आणि छायाचित्रे.

शिक्षक शेजारच्या सीटवर बसतो की वॉकीटॉकीवर बोलतो? शेजारी बसणाऱ्याला विद्यार्थ्याची नजर आणि पाय दिसतात. तो शिक्षक शर्यती किती जिंकला यापेक्षा त्याने किती वर्षे शिकवले हे विचारावे. नळाचे सारथ्य कितीही थोर असले तरी ऋतुपर्णाने ती विद्या त्या दिवशी घेतली नाही, नळाकडेच ठेव म्हणून राहू दिली. चांगला चालक आणि चांगला शिक्षक या दोन गोष्टी आहेत.

दिवसाची सुरुवात कशाने होते? सीट, आरसे, हातांची जागा आणि ब्रेक यांनी होत असेल तर ठीक. लॅप टाइमने होत असेल तर ती शर्यत आहे. ओल्या पृष्ठभागावर सराव आहे का? चूक झाल्यावर पुन्हा तीच गोष्ट करू देतात का?

गाडी कोणाची? स्वतःची असेल तर विम्याची पॉलिसी काढून वाचावी. आपल्याकडच्या नेहमीच्या मोटार पॉलिसीत आयोजित शर्यत आणि वेगचाचणी यांसाठीचा वापर वगळलेला असतो. ट्रॅकवर ब्रेक सतत तापतात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषत राहते आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. डॉट ४ प्रकारात तो नव्याला किमान २३० अंश सेल्सिअस, तर ओलावा मुरलेल्याला किमान १५५ अंश असा धरलेला आहे. ते उकळले की पेडल मऊ होऊन खाली जाते. म्हणून पहिल्या वेळी शाळेच्या गाडीवरच शिकावे.

शेवटचा प्रश्न माझ्या मते सर्वांत मोठा : आज शिकवलेल्यापैकी रस्त्यावर काय करायचे नाही? ट्रॅकवर वळण घेताना बाहेरून आत आणि पुन्हा बाहेर अशी पूर्ण रुंदी वापरतात. कोंडाईबारीत तसे केले तर समोरून सुरतेहून येणारा ट्रक आहे. ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने जातात, वळणापलीकडे काही असेल तर झेंडा दाखवणारा असतो. आमच्या रस्त्यावर झेंडा नसतो, शेळ्या असतात. शिवाय रस्त्यावर शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ज्या शाळेला आपले शिक्षण कुठे संपते हे सांगता येत नाही, तिच्याकडून ते कुठे सुरू होते हेही नीट कळायचे नाही.

भाच्याने श्रावणात तीन ठिकाणी फोन केले. एका ठिकाणी या शेवटच्या प्रश्नावर मुलगी गोंधळली आणि तिने फीमध्ये सवलत सांगितली. दुसऱ्या ठिकाणी 'सर कळवतील' असे उत्तर आले, कळवले कोणीच नाही. तिसऱ्या ठिकाणी एक वयस्क शिक्षक स्वतः फोनवर आले आणि पाऊण तास बोलले; त्यांनी उलट विचारले, तुमच्या गावाकडचा रस्ता कसा आहे, रात्री चालवता का, मागच्या सीटवर कोण बसते? गाडीचे नाव त्यांनी सर्वांत शेवटी विचारले. भाच्याने तिथे नाव घातले. गाड्या कमी, विद्यार्थी त्याहून कमी, दोन दिवस, पहिला अख्खा दिवस ब्रेक आणि ओली फरशी.

तो परत आल्यावर बहिणीने मला फोन केला. काय शिकला असे विचारले तर म्हणतो, माझे ब्रेक उशिरा लागतात. तिला हे ऐकून चिंता वाटली. मी म्हटले, पैसे वसूल झाले. दिवाळीला तो येणार आहे. या वेळी पुण्याहून पहाटेच निघणार, दिवस मावळायच्या आत पिंपळनेर मागे टाकायचे, असा त्याचा निरोप आहे. आणि येताना रिफ्लेक्टरच्या पट्टीची दोन बंडले आणतो म्हणाला, आपल्या शिवारातल्या ट्रॉल्यांना लावायला.